जहाजाचें लांकूड आणि घराची खिडकी

इतिहास म्हणजे लढाया, तहनामे आणि वंशावळी ही समजूत आतां बरीच मागें पडली आहे. अन्न, वस्त्र, नाणीं, रस्ते यांचे इतिहास आमच्याकडेहि लिहिले जाऊं लागले. परंतु ज्या घरांत बसून हे इतिहास लिहावयाचे त्या घराच्या लांकडाकडे इतिहासकाराची दृष्टि क्वचितच वळते. याचें एक कारण उघड आहे. दगड राहतो, लांकूड जळतें. शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला, जुन्नरकडच्या रानांतून त्याचा साग आला, दोन वर्षांनीं वास्तुशांति झाली, आणि १८२८ च्या आगींत वरचें लांकूडकाम गेलें तें कायमचेंच. आज आपण पाहतों तो तट, दरवाजे, नगारखाना आणि उघडीं जोतीं. १८७९ सालीं बुधवारवाडा जळाला व विश्रामबागवाड्यालाहि आगीची झळ लागली. जें जळून जातें त्याचा पुरावा मिळणें कठीण, म्हणून त्याविषयींचें लेखनहि थोडें. तथापि कारण एवढेंच नव्हे. लांकूड ही सुताराची बाब, आणि सुताराची बाब ती शास्त्रीपंडितांची नव्हे, अशी एक जुनी अढी आमच्या मनांत आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय तर लांकडांतहि अगदीं लहानसा आहे. खिडकीच्या तळाशीं आंतल्या बाजूस जी आडवी फळी असते, जिच्यावर आपण पुस्तक ठेवतों, कोपर टेकतों, घरांतलीं मुलें चढून रस्ता पाहतात, ती फळी; आणि चौकट व भिंत यांमधील सांधा झांकण्याकरितां चौकटीभोंवतीं ठोकलेल्या पट्ट्या. हीं कामें कोणत्या लांकडाचीं करावीं? ॲल्युमिनियम आणि ग्रॅनाइट यांनीं आतां या कामांतली बरीच जागा घेतली आहे. परंतु जेथें अद्याप लांकूडच घालावयाचें असतें तेथें कोणत्याहि मराठी गृहस्थास विचारा, परवडो वा न परवडो, उत्तर एकच मिळतें: सागाचीं. हें उत्तर इतकें सहज येतें कीं, तें कोठून आलें हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. माझें म्हणणें असें आहे कीं, हें उत्तर मूळचें सुताराचें नव्हे. तें जहाज बांधणारानें व त्याच्या पाठीमागून राज्यकर्त्यानें आपणांस शिकविलेलें आहे.

प्रथम सुताराची बाजू पाहूं. लांकूड हवेंतील ओलावा घेतें आणि सोडतें. घेतांना फुगतें, सोडतांना आखडतें. देशावर चैत्रवैशाखांतल्या कोरड्या दुपारीं ज्या झडपांच्या फटींतून उन्हाची तिरीप आंत येते, त्याच झडपा श्रावणांत ढकलूनहि लागत नाहींत, हा अनुभव घरोघरचा आहे. लांबीच्या दिशेनें हा फरक जवळजवळ नसतोच. तो रुंदींत पडतो, आणि रुंदींतहि फळी ओंडक्यांतून कशी काढली यावर तो अवलंबून असतो. ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे अशी चिरलेली फळी ही वलयांना समांतर चिरलेल्या फळीच्या सुमारें निम्मीच आखडते. सागाचे आंकडे पाहिले तर अगदीं ओल्यापासून अगदीं कोरड्यापर्यंत पहिल्या तऱ्हेंत शेंकडा अडीच व दुसऱ्या तऱ्हेंत शेंकडा पावणेसहा असें कांहींसें प्रमाण पडतें. म्हणजे जात कोणती याच्या इतकेंच, चिरलें कसें आणि वाळविलें किती, यालाहि महत्त्व आहे. आंतल्या पट्टीवर भार नाहीं, ऊन नाहीं, पाऊस नाहीं. ती सरळ असावी, रंध्याखालीं गुळगुळीत व्हावी, खिळा मारतांना फुटूं नये आणि तिला कीड लागूं नये, इतकें झालें कीं पुरे. तळच्या फळीची गोष्ट थोडी निराळी. आमच्या पावसाळ्यांत खिडकी घटकाभर उघडी राहिली तरी ती भिजते, म्हणून ती आमच्याकडे अर्धी बाहेरचीच समजली पाहिजे. तिला पाणी सोसणारें लांकूड हवें. पण दोहोंना एकच लांकूड हवें, आणि तेंहि सागच हवा, असें सुतारशास्त्र कोठें सांगत नाहीं.

इंग्लंडांत हा भेद बऱ्याच स्पष्टपणें पाळला गेला. अठराव्या शतकांत लंडनमध्यें ज्या घरांच्या रांगा उठल्या त्यांच्या वरखालीं सरकणाऱ्या खिडक्या बहुधा बाल्टिक समुद्राकांठच्या देशांतून येणाऱ्या पाइनच्या. पावसाचें पाणी जिच्यावर सांचतें ती बाहेरची तळफळी मात्र ओकची. आंतलें काम पुन्हां पाइनचेंच, आणि वर रंगाचे हात. श्रीमंतांच्या घरांत महॉगनी शिरली ती कशी, हेंहि पाहण्यासारखें आहे. १७२१ सालीं पार्लमेंटनें अमेरिकेंतील वसाहतींच्या लांकडावरील जकात काढून टाकली. कायदा झाला होता आरमाराच्या साहित्याची सोय व्हावी म्हणून. त्याचा लाभ मिळाला जेवणघरांच्या दारांना आणि टेबलांना. पुढें नेपोलियनशीं युद्ध चालू असतां बाल्टिकचा मार्ग बेभरंवशाचा झाला, तेव्हां तिकडच्या लांकडावर जबर जकात बसवून कॅनडाच्या लांकडास सवलत देण्यांत आली. ती सवलत या ना त्या रूपानें १८६० पर्यंत टिकली. या अवधींत लंडनच्या सुताराच्या हातांतला पाइन बदलला तो त्याच्या आवडीनें नव्हे, जकातीच्या दरानें बदलला.

आतां सागाकडे वळूं. सागाच्या गाभ्याच्या लांकडांत एक प्रकारचें तेलकट द्रव्य असतें. त्यामुळें वाळवी त्याला सहसा स्पर्श करीत नाहीं व पाण्याचा मारा तो पुष्कळ काळ सोसतो. तो आखडतो थोडा व पीळहि फारसा खात नाहीं. शिवाय ओकमधील तुरट आम्लानें लोखंडी खिळा गंजतो, तसा सागांत गंजत नाहीं. पाणी, कीड आणि लोखंड या तिन्हींशीं एकाच वेळीं ज्याचें पटतें असें लांकूड कोणास हवें असेल? कपाट करणारास नव्हे, खिडकीची पट्टी ठोकणारासहि नव्हे. तें हवें गलबत बांधणारास. सागाची कीर्ति जी जगभर झाली ती समुद्रावर झाली, आणि समुद्रावरून ती जमिनीवर आली.

आमच्याच इतिहासांत याचा एक फार मोलाचा पुरावा आहे. रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांकरितां लिहिलें गेलें. त्यांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाविषयीं एक आज्ञा आहे. तिचा आशय असा: आरमारास फळ्या, सोट, डोलकाठ्या लागतात, स्वराज्यांतील अरण्यांत सागवानादि वृक्ष आहेत, त्यांतील सोयीचे ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, आणि अधिक लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. आंबा, फणस हीं लांकडेंहि आरमाराच्या उपयोगाचीं आहेत; परंतु त्यांना हात लावूं देऊं नये. कारण हीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं तर त्यांच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड अगदीं जीर्ण होऊन कामांतून गेलेंच असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये. हा उतारा व्याख्यानांतून व भिंतींवरच्या पाट्यांतून शिवछत्रपतींच्या नांवानें सांगितला जातो. तो महाराजांच्या धोरणाशीं जुळताहि असेल. परंतु ग्रंथ अमात्यांचा आणि महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनीं लिहिलेला, हें विद्यार्थ्यांनीं तरी विसरूं नये.

मला या आज्ञेंत जें विशेष वाटतें तें दयेपेक्षांहि निराळें आहे. तिनें लांकडांचे दोन वर्ग पाडले आहेत, आणि ते लांकडाच्या गुणांवरून पाडलेले नाहींत. फणस आरमाराच्या कामाचा आहे असें ती स्वतःच सांगते. भेद आहे तो मालकीचा. रानांत उगवतो तो साग राजाचा. परसांत वाढविला तो फणस कुळाचा. तेव्हां कोणत्या लांकडाची खिडकी करावी या प्रश्नाच्या आधीं एक प्रश्न उभा असतो, तो म्हणजे झाड कोणाचें.

कंपनी सरकारनें यांतला पहिला भाग तेवढा घेतला, दुसरा सोडून दिला. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा कारागीर १७३६ सालीं मुंबईस आला. त्याच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत जीं जहाजें बांधलीं त्यांनीं सागाचें नांव इंग्लंडच्या नौदलखात्यांत पक्कें केलें. १८१७ सालीं पाण्यांत लोटलेलें ‘त्रिंकोमाली’ आज दोन शतकें उलटून गेल्यावरहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगतें आहे, याहून अधिक मोठी प्रशस्ति कोणत्या लांकडास मिळाली असेल! पण जहाजांस लांकूड लागतें आणि लांकडास रान. टिपूशीं झालेल्या १७९२ च्या तहानें मलबार कंपनीकडे आला. १८०६ च्या अखेरीस तेथें वॉटसन नांवाचा कप्तान जंगलांचा रक्षक म्हणून नेमला गेला. त्यानें सागावर कंपनीचा मक्ता असा कांहीं बसविला कीं, जमीनमालक, व्यापारी आणि रयत तिन्ही गाऱ्हाणीं करूं लागले, आणि १८२२-२३ मध्यें मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो यानें ती व्यवस्थाच मोडून टाकली. पुढें १८४० नंतर त्याच प्रांतांत नीलंबूर येथें कलेक्टर कॉनोली यानें चातु मेनन यांच्या मदतीनें सागाची लागवड चालू केली, ती सुप्रसिद्धच आहे. इकडे नाशिकला लागून असलेल्या डांगांतलें रान १८४२ च्या सुमारास तेथील भिल्ल राजांकडून पट्ट्यानें घेण्यांत आलें. त्या राजांच्या वंशजांना दरवर्षीं आहव्याच्या दरबारांत सालीना देण्याचा प्रघात अद्यापि आहे. १८७८ च्या जंगलकायद्यानंतर सरकारी रानाची मर्यादा गांवाच्या वेशीपर्यंत येऊन भिडली. १८८५ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारींची चौकशी करण्याकरितां मुंबई सरकारला एक कमिशन नेमावें लागलें.

त्याच १८८५ सालीं लांकडाचेंच दुसरें एक प्रकरण पूर्वेकडे पेटलें होतें, आणि त्याचा शेवट मात्र आमच्या कोंकणांत व्हावयाचा होता.

ब्रह्मदेशांतील सागाशीं इंग्रजांचा संबंध १८२६ पासूनचा. पहिल्या युद्धांत तेनासरीमचा किनारा त्यांना मिळाला व मोलमीन हें सागाचें बंदर झालें. १८५२ मध्यें पेगू प्रांत गेला. वरच्या ब्रह्मदेशांतलीं रानें तेवढीं मंडालेच्या राजाकडे उरलीं. तेथील झाडें तोडण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ओला साग पाण्यांत बुडतो; म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं साल आणि सालीलगतचें पांढरें लांकूड कापून एक कडें काढीत, आणि झाड तसेंच दोन-तीन वर्षें वाळूं देत. मग तें तोडावयाचें, हत्तींकडून ओढ्यांत आणवावयाचें, आणि पाऊस येऊन ओढा भरण्याची वाट पाहावयाची. १८६३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे वरच्या प्रांतांतील निंग्यान रानाचा ठेका होता. कंपनीनें तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाचें देणें बुडविलें असा ठपका ठेवून मंडालेच्या राजसभेनें तिला सुमारें तेवीस लक्ष रुपये दंड ठोठावला. हा दंड हेंच युद्धाचें निमित्त झालें. खरें कारण फ्रेंच लोक मंडालेंत पाय रोवतील ही भीति होती, असें बहुतेक इतिहासकार मानतात आणि तें योग्यच आहे. परंतु निमित्त म्हणून का होईना, ओंडक्यांच्या हिशेबावरून एक राज्य गेलें. १८८५ च्या नोव्हेंबरांत मंडाले पडलें, १८८६ च्या पहिल्या दिवशीं राज्य खालसा झाल्याचें जाहीर झालें, आणि त्याच वर्षीं थिबा राजा, राणी व मुली यांसह रत्नागिरीस आणला गेला.

तीस वर्षें तो तेथें होता. खाडीकडे पाहणारा त्याचा राजवाडा बांधून झाला १९१० मध्यें, आणि १९१६ च्या डिसेंबरांत तो वारला. रत्नागिरीस जाणारा प्रवासी आज थिबा पॅलेस पाहतो तेव्हां त्याच्या डोळ्यांत भरतात त्या वरच्या अर्धवर्तुळाकार, कोरीव लांकडी खिडक्या. सागाचीं अरण्यें ज्यानें गमावलीं त्या राजाला, फणस आणि आंबा यांच्या मुलुखांत, अशा खिडकींत बसून समुद्राकडे पाहत आयुष्य काढावें लागलें. इतिहासाला काव्याची गरज नसते असें मी वर्गांत नेहमीं सांगतों. परंतु येथें तें सांगणें मला जड जातें. (बाँबे बर्मा ही कंपनी अद्याप आहे, आणि ती आज ज्या उद्योगसमूहाची आहे तो लवजी वाडियाच्याच वंशजांचा.)

ब्रह्मदेश हातीं आल्यावर सागाचा ओघ मुंबई बंदराकडे जोरानें वाहूं लागला. जहाजें तोंपर्यंत लोखंडाचीं होऊं लागलीं होतीं. ज्या कामाकरितां सागाची ख्याति झाली तें काम संपलें, ख्याति मात्र उरली, आणि ती कचेऱ्या, कोर्टें, स्टेशनें, बंगले यांच्या दारांखिडक्यांतून वास करूं लागली. साहेबाच्या देशांत आंतल्या खिडकीस रंगविलेला पाइन चाले. येथें साहेबाच्याच कचेरींत आंतबाहेर साग, आणि तोहि रंगाऐवजीं पॉलिश केलेला, कारण त्याचा रेषांचा डौल दिसला पाहिजे. कचेरींतून तो चाळीच्या मालकाकडे, मालकाकडून पेन्शनरांच्या बंगलीकडे आला. घर बांधणारा गृहस्थ अभिमानानें सांगे कीं, सर्व काम मोलमीन सागाचें आहे. हा उद्गार गुणाचा कमी व प्रतिष्ठेचा अधिक होता, हें कबूल केल्यानें सागाचा अपमान होत नाहीं.

दरम्यान कोंकणांतला सुतार काय वापरीत होता? त्याच्या परसांत फणस होता. फणसाच्या गाभ्याचें लांकूड नवें असतां हळदीसारखें पिवळें असतें आणि हवा लागतां लागतां तांबूस तपकिरी होतें. पन्नास वर्षांच्या हातांच्या घर्षणानें त्याला जी झळाळी येते ती कोणत्याहि पॉलिशानें येणार नाहीं. वाळवी गाभ्याला सहज लागत नाहीं. दक्षिणेंत वीणा आणि मृदंग याच लांकडाचे करतात. तें नीट वाळल्यावर स्थिर राहतें याची याहून नाजूक परीक्षा कोणती? तुळयांना ऐन आणि किंजळ, दारांना व खिडक्यांना फणस, अशी वांटणी कोंकणांतल्या जुन्या घरांतून पुष्कळ ठिकाणीं पाहावयास मिळते. शिवणीचें लांकूड हलकें आणि वाळल्यावर फारसें न हलणारें. पट्ट्यांना तें उत्तम. देशावर बाभूळ आणि कडुनिंब होते. शिसव ज्यास परवडे तो शिसव घाली, पण त्यावर पटाशी चालवितांना सुताराचा घाम निघे. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते, म्हणून तो खोक्यांकडे आणि तात्पुरत्या फळ्यांकडे जाई. ही सर्व निवड अनुभवाची होती. तिच्यावर पुस्तक कोणी लिहिलें नाहीं. आणि सागाची प्रतिष्ठा वाढल्यावर फणसाची खिडकी ही गरिबाची खिडकी ठरली.

मी सागाचा द्वेष्टा आहें असा समज कोणी करून घेऊं नये. पावसाच्या तोंडावरच्या खिडकीच्या तळफळीला जुना, पक्का साग मिळत असेल तर तोच घालावा असेंच मी सांगेन. पण आज मिळतो तो साग कोणता? म्यानमारनें २०१४ च्या एप्रिलपासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आतां आपल्याकडे घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका अशा देशांतून लागवडीचा साग येतो. तोहि बहुधा तरुण झाडांचा. त्यांत गाभा थोडा आणि सालीलगतचें पांढरें लांकूड पुष्कळ. आणि पांढऱ्या लांकडाला वाळवी लागते, मग झाडाचें नांव कांहींहि असो. म्हणजे गिऱ्हाईक दाम मोजतो ‘त्रिंकोमाली’च्या सागाचा, आणि घरीं आणतो त्याचा दूरचा पुतण्या. देशी मालांत चंद्रपूर-बल्लारपूरकडचा साग अद्यापि नांवाजलेला आहे. २०२३ मध्यें अयोध्येच्या मंदिराच्या दारांकरितां तिकडूनच तो गेला. वखारींत त्याला अजून ‘सी. पी.’ म्हणतात. मध्यप्रांत हें नांव नकाशावरून १९५० सालींच गेलें. लांकडाच्या वखारींत तें जिवंत आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकीं कोणासहि त्या दोन अक्षरांचा अर्थ सांगतां येत नाहीं.

फणसाचें काय झालें हेंहि सांगितलें पाहिजे. १९६४ साली महाराष्ट्रांत खाजगी जमिनींतील वृक्षतोडीवर नियंत्रण घालणारा कायदा झाला. त्याच्या अनुसूचींत साग, खैर, ऐन, किंजळ यांच्याबरोबर आंबा आणि फणस हींहि नांवें आहेत; म्हणजे परसांतला फणस तोडावयाचा तरी परवानगी लागते. अमात्यांच्या आज्ञेनें सरकारचा हात कुळाच्या झाडापासून दूर ठेवला होता. या कायद्यानें कुळाचाच हात त्याच्या झाडापासून दूर ठेवला आहे. हेतु दोन्हींचा झाड वांचविण्याचाच, आणि आजची रानांची स्थिति पाहतां कायदा नसावा असें मी म्हणणार नाहीं. तथापि धन्याचा संतोष हा जो शब्द जुन्या आज्ञेंत होता तो नव्या कायद्यांत सांपडत नाहीं.

या सर्वांत एक लांकूड असें आहे कीं, त्याकरितां कोणतेंहि झाड नव्यानें पाडावें लागत नाहीं. पुण्यांत, नाशकांत, वाईंत जुने वाडे उतरविले जातात तेव्हां त्यांच्या तुळया, खांब आणि चौकटी वखारींत येऊन पडतात. शंभर-दीडशें वर्षें घरांत राहिल्यामुळें त्यांचें लांकूड पुरतें वाळलेलें असतें. खिळे काढून, करवत जपून चालवून, ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे अशा फळ्या पाडल्या तर खिडकीच्या आंतल्या कामास याहून चांगलें लांकूड मी तरी पाहिलेलें नाहीं. सुतार कुरकुरतात, कारण एखादा राहून गेलेला खिळा करवतीचे दांत घालवितो आणि मजुरी लांकडाच्या किंमतीहून अधिक होते. कोरीव कामाचे तुकडे मात्र वखारींत फार दिवस टिकत नाहींत. ते हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या शोभेकरितां उचलले जातात, आणि ते कोणत्या वाड्याचे, कोणत्या आळींतले, याची नोंद कोणीच ठेवीत नाहीं.